फ्रिज बंद पडला: दुरुस्त करायचा की नवा आणायचा?

२०१८ च्या मे महिन्यात, आमरसाचं पातेलं आत असताना आमचा फ्रिज बंद पडला. आतला दिवा लागत होता, पण मागची घरघर थांबली होती. दर दोन-तीन मिनिटांनी नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुन्हा शांत. २००७ च्या दसऱ्याला सासऱ्यांनी घेतलेला हा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री (आतला बर्फ आपोआप वितळवणारा), म्हणजे तेव्हा जवळपास अकरा वर्षांचा. मेकॅनिक आला, मागे वाकला आणि पुरता उभा राहायच्या आत म्हणाला, "मॅडम, कंप्रेसर गेला. साडेसात हजार. त्यापेक्षा नवाच घ्या."

घरात लगेच दोन पक्ष पडले. नवरा मोबाईलवर एक्स्चेंज ऑफर बघायला लागला. सासूबाईंचं म्हणणं, "तेव्हाची मोटर आहे ती, अजून दहा वर्षं हलत नाही बघ." दोघांनाही नेमकं काय बिघडलंय ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी कंप्रेसरच्या कुशीतली काडेपेटीएवढी काळी डबी उपसून काढली आणि माझ्या कानाजवळ नेऊन हलवली. खुळखुळ्यासारखी वाजली. "ऐकलंत? आतली चकती फुटली. रिले गेलाय, कंप्रेसरला काही झालं नाही." रिले म्हणजे कंप्रेसरला सुरू करून देणारा छोटा भाग. रिलेचे अडीचशे, येण्याचे दोनशे. वीस मिनिटांत फ्रिज सुरू, आमरसही वाचला.

तोच फ्रिज २०२२ मध्ये पुन्हा बंद पडला, आणि त्या वेळी आम्ही तो काढून टाकला. पहिल्यांदाच संसार मांडलेल्यांना, भाड्याच्या घरात जुनी वस्तू पदरात आलेल्यांना किंवा आईवडिलांचं यंत्र आपल्या खर्चाने चालवणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मी तो कसा सोडवते ते सांगते. फ्रिज हे मुख्य उदाहरण, कारण तो बंद पडला की विचार करायला सगळ्यांत कमी वेळ मिळतो. बाकीच्या यंत्रांचं पुढे थोडक्यात.

फोन करण्याआधी पाच मिनिटं

मेकॅनिकला बोलावलं की येण्याचे पैसे लागतातच, मग त्याने नुसता प्लग नीट बसवला तरी. म्हणून आधी दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणाने, मोबाईलचा चार्जर चालेल, ते सॉकेट जिवंत आहे का पाहा. एमसीबी, म्हणजे मेन स्विचच्या पेटीतला आपोआप बंद होणारा स्विच, पडला आहे का? स्टॅबिलायझर असेल आणि वीज नुकतीच आली असेल तर तो मुद्दाम काही मिनिटं थांबून मग पुरवठा सोडतो. तेवढ्यात 'फ्रिज गेला' म्हणून घाबरू नका. आतलं थर्मोस्टॅटचं बटण भाजी ठेवताना धक्का लागून शून्यावर जातं, हेही नेहमीचं.

फ्रिज चालू आहे पण थंड करत नाही, अशी तक्रार असेल तर दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज सरकून आली तर त्या जागी रबर सैल आहे. चारही बाजूंनी असं करून पाहा. रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून, गरम फडक्याने शेकून बऱ्याचदा पुन्हा नीट बसतं. नाही बसलं तर रबर बदलून मिळतं, त्यासाठी फ्रिज बदलत नाहीत. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असते. तिच्यावरची धूळ प्लग काढून ब्रशने झाडा. फ्रिज भिंतीला चिकटून असेल तर वीतभर पुढे ओढा.

फ्रॉस्ट-फ्रीची एक खास खोड आहे. वरचा फ्रीझर गार, पण खालच्या कप्प्यात दूध नासतं. अशा वेळी सगळं बाहेर काढून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून फ्रिज एक दिवस तसाच राहू द्या. खाली फडकी पसरून ठेवा, पाणी येतं. सुरू केल्यावर चार-सहा दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा तेच झालं, तर आत बर्फ साचून हवेची वाट बंद होत असणार. म्हणजे बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. हे लहान काम आहे. याच तक्रारीवर 'गॅस संपला' सांगून पैसे घेतलेले मी दोन घरांत पाहिलेत.

त्याची जन्मपत्रिका काढा

फ्रिजच्या आत बाजूला किंवा पाठीवर एक स्टिकर असतं. त्याचा फोटो काढा. मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि गॅसचं नाव, या तीन गोष्टी त्यावर मिळतात. बिल हरवलं असेल तर सीरियल नंबरवरून कंपनीचं ग्राहक सेवा केंद्र बहुतेक वेळा बनावटीचं साल सांगतं. कंप्रेसरवर किंवा वॉशिंग मशिनच्या मोटरवर बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची वॉरंटी देतात आणि लोक ती विसरून जातात. मात्र ही वॉरंटी बहुधा त्या भागापुरतीच असते. गॅस आणि मजुरी तुमचीच, त्यामुळे 'वॉरंटीत आहे' म्हणजे फुकट असं समजू नका.

गॅसचं नाव कशासाठी? आर-१२ लिहिलेलं असेल तर तो फ्रिज वीस वर्षांच्या पुढचा आहे. ओझोनच्या थराला मारक असलेला हा वायू वापरून भारतात १ जानेवारी २००३ पासून नवे फ्रिज बनवता येत नाहीत. अशा फ्रिजची गॅसची बाजू बिघडली तर मी विचारसुद्धा करत बसणार नाही. आर-१३४ए हा त्यानंतरच्या काळातला, तो सगळीकडे भरून मिळतो. आर-६००ए हा आताचा. तो ज्वलनशील आहे. आत फार थोडा, बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच असतो, त्यामुळे घरात ठेवायला भीती नाही. पण ज्याला तो हाताळायची सवय नाही अशा माणसाला बंद स्वयंपाकघरात ज्योत पेटवून नळी जोडू देऊ नका. "आर-६००ए आहे, तुम्ही करता का?" हे फोनवरच विचारा. उत्तर द्यायला अडखळला तर दुसरा माणूस बघा.

आधी रोगाचं नाव, मग किंमत

चुकीचे निर्णय इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबते.

'कंप्रेसर गेला', 'बोर्ड उडाला', 'गॅस संपला' ही तीन वाक्यं तुम्हाला ऐकवली जातील (बोर्ड म्हणजे यंत्र चालवणारं आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट). तिन्ही खरी असू शकतात. तरीही कसं कळलं ते विचारायचा हक्क तुमचा आहे, आणि चांगला कारागीर तो प्रश्न ऐकून चिडत नाही. उलट खूश होऊन दाखवतो.

कंप्रेसरचं घ्या. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर (वेग कमी-जास्त करणारा) नसलेल्या कंप्रेसरला बाजूला तीन पिना असतात. मल्टिमीटर या वीज मोजायच्या छोट्या यंत्राने त्यांच्यातला रोध दोन-दोन पिना धरून मोजायचा. तीन आकडे येतात. सगळ्यांत मोठा आकडा हा बाकी दोघांच्या बेरजेएवढा आला, म्हणजे समजा १५ आणि २२, आणि तिसरा ३७, तर आतलं वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेची गुंडाळी, शाबूत आहे. कुठेतरी काहीच आकडा आला नाही तर तार तुटली. आणि पिन व कंप्रेसरचं लोखंडी अंग यांच्यात आकडा दाखवला तर तो शॉर्ट आहे, त्याला हातही लावू नका. हे बघायला दोन मिनिटं लागतात. वाइंडिंग ठीक असूनही कंप्रेसर आतून जाम झालेला असू शकतो, पण रिले आणि कपॅसिटर बदलून पाहिल्याशिवाय ते म्हणता येत नाही. आमच्या पहिल्या मेकॅनिकने मल्टिमीटर पिशवीतून काढलाच नव्हता.

आता गॅस. फ्रिजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत गोल फिरत राहतो, वर्षानुवर्षं तोच. तेव्हा तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस चार-सहा महिन्यांत त्याच वाटेने जातो. म्हणून "गॅस भरायचे किती?" असं विचारू नका. "गळती कुठे आहे?" असं विचारा. नीट काम म्हणजे गळती शोधून जोडणं, फिल्टर बदलणं, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढणं आणि मग मोजून गॅस भरणं. व्हॅक्यूम पंप आणणार नसेल तर स्वस्तातलं कामही महाग पडतं.

गळती कुठे आहे यावर सगळं ठरतं. मागच्या उघड्या नळ्यांवर असेल तर जोडणं अर्ध्या तासाचं काम. एका दाराच्या फ्रिजच्या फ्रीझरला सुरीने बर्फ खरवडताना भोक पडलं असेल (घराघरातला गुन्हा, कबूल कोणी करत नाही) तर ते जोडता येतं किंवा फ्रीझरच बदलता येतो. पण हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत, फोममध्ये गाडलेल्या असतात. चालू फ्रिजच्या बाजू हाताला कोमट लागतात ते त्यामुळे. तिथे गळती झाली तर आत पोचता येत नाही. आतली नळी सोडून देऊन मागे बाहेरून नवी जाळी बसवतात. चालतं, पण किती चालेल याची हमी कोणी देत नाही. २०२२ मध्ये आमच्या फ्रिजला नेमकं हेच झालं.

इन्व्हर्टर फ्रिज किंवा ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनचा बोर्ड गेला असं सांगितलं तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनीचा माणूस अख्खा बोर्ड बदलतो, त्याच्याकडे दुसरा पर्याय नसतो. पण नुसते बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर वेगळे असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. वीज जाऊन आल्यावर उडालेल्या बोर्डात कित्येकदा एखाद-दुसराच भाग जळलेला असतो. बोर्ड काढण्याआधी वायरी कुठे लागल्यात त्याचे फोटो मात्र काढून ठेवा.

खर्च दोन हजारांच्या वर सांगितला असेल तर दुसऱ्या माणसाला दाखवा. दोनशे-तीनशे जातील. पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला आधी सांगू नका. नाहीतर तो तेच पुन्हा म्हणतो.

वर्षाचा भाव काढा

लोक साडेचार हजारांची दुरुस्ती आणि पंचवीस हजारांचा नवा फ्रिज यांची थेट तुलना करतात. ती चुकते, कारण दोन्हींत मिळणारी वर्षं सारखी नसतात. 'दुरुस्ती नव्याच्या निम्म्यावर गेली तर नवा घ्या' हा नियमही तुम्ही ऐकला असेल. मला तो आपल्याकडे फार सैल वाटतो. आपली मजुरी स्वस्त आहे, त्यामुळे निम्मी किंमत गाठणारी दुरुस्ती क्वचितच निघते. मग या नियमाने माणूस दर वेळी दुरुस्तीच करत बसेल.

त्यापेक्षा भागाकार करा. दुरुस्तीचा खर्च भागिले त्यातून मिळतील असं वाटणारी वर्षं. नव्याची किंमत भागिले दहा. नवा पंधरा वर्षंही चालेल कदाचित, पण मी दहाच धरते. दुरुस्तीची वर्षं कारागिरालाच विचारा, आणि विचारताना "हा फ्रिज तुमच्या घरचा असता तर?" असं विचारा. या प्रश्नाला लोक बऱ्यापैकी खरं बोलतात.

मागे घातलेले पैसे या हिशेबात धरू नका. 'दिवाळीतच दोन हजार घातलेत, आता कसा टाकू?' हे मनाला पटतं, पण ते दोन हजार फ्रिज ठेवला तरी गेले आणि विकला तरी गेले. मात्र वर्षभरात तिसऱ्यांदा मेकॅनिक येत असेल, आणि दर वेळी वेगळाच भाग जात असेल, तर वर्षं मोजताना हात आखडता घ्या.

मग वीजबिल मांडा

चालू असलेलं जुनं यंत्र फुकट चालत नाही. फ्रिज तर चोवीस तास चालतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही पायरी चुकवू नका.

प्लग आणि सॉकेटच्या मधे लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. तो तीन दिवस लावून युनिट मोजा आणि तिनाने भागा. वॉटमीटर नसेल तर गणपतीला गावी जाताना फ्रिज सोडून बाकी सगळे एमसीबी बंद करा, निघताना आणि परतल्यावर मीटरचे फोटो काढा. रिकाम्या घरात दार उघडलं जात नाही, तेव्हा आलेल्या आकड्यात पाव भाग वाढवून धरा.

नव्याचा आकडा दुकानातल्या स्टार लेबलवर असतो. वर्षाला इतके युनिट, असं स्पष्ट छापलेलं असतं. ताऱ्यांपेक्षा तो आकडा वाचा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने ही लेबलं २००६ मध्ये ऐच्छिक म्हणून आणली आणि २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला सक्तीची केली. ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होत असतात, त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो, घरात तो थोडा जास्तच येतो असं समजा.

युनिटचा दर कोणता धरायचा? एकूण बिल भागिले युनिट असा सरासरी दर काढू नका. महावितरणच्या घरगुती बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, आणि टप्पा चढला की दर चढतो. तुम्ही वाचवलेलं युनिट सगळ्यांत वरच्या टप्प्यातून कमी होतं. तेव्हा तुमचं बिल ज्या टप्प्यात संपतं त्याचा दर घ्या. त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर वीज शुल्क मिळवा. महिन्याला पावणेदोनशे युनिट जळणाऱ्या आमच्या घरात २०२२ मध्ये हे सगळं धरून युनिटमागे दहा रुपयांच्या आसपास पडत होतं.

तर आमचा हिशेब असा झाला. जुना फ्रिज दिवसाला दीड युनिट, म्हणजे वर्षाला साधारण ५५०. नव्या फ्रिजच्या लेबलवर २३०, मी २७० धरले. फरक २८० युनिट, म्हणजे २,८०० रुपये. गाडलेल्या नळीची दुरुस्ती ४,२०० रुपये, आणि काका म्हणाले, "दोन वर्षं निघाली तर डोक्यावरून पाणी." म्हणजे वर्षाला २,१००. एकूण जुन्याचा भाव वर्षाला ४,९००. नवा २५,००० चा, दहा वर्षं धरून २,५००. पाटीवर मांडल्यावर सासूबाईही गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "रंग तरी असाच लाल बघा."

आता हाच हिशेब २०१८ ला लावून पाहिला तर गंमत दिसते. रिलेचे साडेचारशे मिळालेल्या चार वर्षांत वाटले तर वर्षाला सव्वाशेच्या आत. पण विजेचा फरक तेव्हाही होता, दर थोडा कमी असला तरी वर्षाला दोन-सव्वादोन हजारांचा. नवा घेतला असता तर वर्षाचा भाव साधारण तेवढाच पडला असता. म्हणजे जवळपास बरोबरी. बरोबरी असेल तेव्हा मी आहे ते चालू ठेवते, कारण वीस-पंचवीस हजार एकदम काढण्यापेक्षा ते बँकेत असलेले बरे, आणि धड चालणारं यंत्र भंगारात घालायला जिवावर येतं.

हिशेब दुसऱ्या टोकालाही झुकतो, हे पंख्यात दिसतं. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट घेतो, बीएलडीसी मोटरचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा, ३० च्या आसपास. फरक ४५ वॉट. रोज बारा तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १६२ युनिट, सोळाशे रुपये. तीन हजारांच्या पंख्याचे पैसे दोन वर्षांत वसूल होतात. झोपायच्या खोलीतला पंखा न बिघडता बदलला तरी चालेल. पाहुण्यांच्या खोलीतला, जो महिन्यातून चार दिवस फिरतो, त्याला नुसता कपॅसिटर घाला.

जिथे हिशेब करायचा नाही

अंगाला शॉक लागतोय, बॉडी गंजून कड सुटलीय, वायर जळल्याचा वास येतोय, प्लग काळा पडतोय: आधी बंद करा. अर्थिंग आणि वायरिंग तपासून घ्या, कारण दोष कधी यंत्रात असतो, कधी भिंतीत. यंत्रात निघाला आणि ते जुनं असेल तर पैशांची तुलना करत बसू नका. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात माणसं ओल्या हातांनी वावरतात.

बाकीची मंडळी

मिक्सर जवळजवळ नेहमी दुरुस्त करा. बंद पडला तर आधी तो उपडा करून तळाचं लाल बटण दाबा. ओल्या खोबऱ्याचं वाटण करताना जोर पडला की ते सुटतं. भांडं जिथे बसतं तो कपलर तुटणं, कार्बन ब्रश झिजणं, भांड्याचं बुश गळणं ही सगळी किरकोळ कामं. ताण सहन न होऊन मोटरच जळण्यापेक्षा कपलर तुटलेला केव्हाही परवडतो. मोटरच जळली असेल आणि साधा मिक्सर असेल तर मग नवा.

सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशिन हे दुरुस्तीवाल्यांचं लाडकं. भाग स्वस्त, कुठेही मिळतात, आत फारसं काही लपलेलं नाही. पूर्ण ऑटोमॅटिकमध्ये पाणी जात नसेल तर ड्रेन पंप, येत नसेल तर व्हॉल्व्ह किंवा त्याच्या तोंडावरची कचऱ्याने भरलेली जाळी. ही जाळी तुम्हीच काढून धुऊ शकता. फ्रंट लोडचा खरा कठीण प्रश्न म्हणजे बेअरिंग. मशिन रिकामं असताना ड्रम हाताने फिरवा. घरघर आवाज आला, आणि वरच्या कडेला धरून उचलल्यावर ड्रम खालीवर हलला, तर बेअरिंग गेलंय. ज्या मॉडेलचा बाहेरचा टब उघडता येतो तिथे बेअरिंग बदलतं. जिथे टब दोन भाग कायमचे चिकटवून बनवलेला असतो तिथे अख्खा टब घ्यावा लागतो, आणि आठ-नऊ वर्षांच्या मशिनवर तो खर्च मी करणार नाही. म्हणून नवं फ्रंट लोड घेताना दुकानात हे विचारून ठेवा. विक्रेत्याला ठाऊक नसतं, सर्व्हिस सेंटरला असतं.

गीझरचा निकाल पाणी लावतं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कॉइलवर पांढरा खडू जमतो. कॉइल, थर्मोस्टॅट, आतला मॅग्नेशियमचा दांडा बदलता येतो, आणि तो दांडा वेळेवर बदलला तर टाकी बरीच वर्षं जास्त टिकते. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं बिघाड नाही. पण टाकीच गळायला लागली, म्हणजे बाहेरच्या पत्र्याच्या खालून गंजाचं पाणी यायला लागलं, तर तिथे जोडकाम करून घेऊ नका. गीझर बदला.

टीव्हीला आवाज आहे आणि चित्र नाही, पण अंधारात टॉर्च मारल्यावर पडद्यावर पुसट चित्र दिसतं, तर आतल्या दिव्यांच्या पट्ट्या गेल्यात, त्या बदलून मिळतात. पडदा फुटला असेल तर विषय संपला.

एसीचं गणित फ्रिजसारखंच, फक्त युनिटं जास्त असल्याने विजेचं पारडं अजून जड.

दुरुस्ती ठरली तर

काम सुरू होण्याआधी भागाचं नाव, किंमत आणि मजुरी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. काढलेला जुना भाग परत मागा. भाग कंपनीचा आहे की लोकल, हे आधी ठरवा. रिले, कपॅसिटर लोकल चालतो, कंप्रेसर चालत नाही. कामाची निदान तीन महिन्यांची हमी बिलावर लिहून घ्या. गॅसचं काम झाल्यावर कारागीर लगेच निघत असेल तर थांबवा, चहा करा. फ्रिज तासभर चालून फ्रीझर नीट गार होतोय का, आणि एका दाराचा असेल तर फ्रीझरच्या सगळ्या भिंतींवर सारखं बाष्प धरतंय का, ते त्याच्यासमोर पाहा.

कंपनी भाग द्यायला टाळाटाळ करत असेल तर केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेलं 'राइट टू रिपेअर' पोर्टल आहे. तिथे सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती असते. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

नवा ठरला तर

घाई असली तरी मधे दोन दिवस काढा. बर्फाची लादी आणून बादलीत दूध ठेवता येतं, शेजारी भाजी ठेवतात. अडलेल्या माणसाला दुकानदार हवा तो माल गळ्यात मारतो. आहे त्यापेक्षा मोठा खरंच हवा आहे का, हे रिकामा फ्रिज बघताना ठरवू नका, नेहमीच्या मंगळवारी तो किती भरलेला असतो ते आठवा. दार कुठल्या बाजूला उघडतं आणि जिन्याच्या वळणातून फ्रिज वर येतो का, हे टेपने मोजून जा. आमच्या मजल्यावर एकाचा डबल डोअर दोरखंडाने गॅलरीतून चढवावा लागला होता.

एक्स्चेंजमध्ये जुन्याला मिळणारा भाव आणि रोखीने मागितल्यावर मिळणारी सूट, दोन्ही विचारा. बऱ्याचदा दोन आकडे सारखेच निघतात, आणि मग चालू जुना फ्रिज गरजू माणसाला देता येतो. पण वीज खाणारा आहे हे त्याला सांगून द्या. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या ताईंना मी जुना फ्रिज दुरुस्त करून देऊ केला होता. त्यांनी बिलाचा आकडा ऐकला आणि हसून नको म्हणाल्या.

बंद फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका, असं मी म्हणते तेव्हा घरात कोणी ऐकत नाही, कारण तो जागेवर रोख देतो. पण तो तांब्यासाठी नळी तोडतो आणि आतला गॅस हवेत सोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर जुनी वस्तू परत देण्याचा क्रमांक असतो, तो लावा. गाडी येईपर्यंत फ्रिज जिन्यात किंवा गच्चीवर ठेवणार असाल तर आधी त्याची दारं काढून ठेवा. लपाछपी खेळणारी पोरं आत शिरतात आणि आतून दार उघडता येत नाही.

नवा फ्रिज आला की तो उभा ठेवून तीन-चार तासांनी सुरू करा, विशेषतः टेम्पोत आडवा आला असेल तर. आणि बिलाचा त्याच दिवशी फोटो काढा. दुकानातलं थर्मल कागदाचं बिल वर्षा-दोन वर्षांत कोरं होतं. मी आमच्या बिलाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या पाठीला चिकटपट्टीने लावलीय, आणि तिच्यावर पेनने लिहिलंय: कंप्रेसरची वॉरंटी २०३२ पर्यंत, गॅस आर-६००ए, काकांचा नंबर डायरीत.